बोटुकली धरणात सोडण्याआधीचं खाद्य: कुठं चुकतं आणि काय क्रमाने करायचं

दरवर्षी ऑक्टोबर संपला की तीच तक्रार कानावर येते, मच्छीमार संस्थेने एवढे हजार मासे सोडले पण जाळ्यात काही येईना. मग कोणी म्हणतं बीज खराब होतं, कोणी म्हणतं मरळ-शिवड्यांनी खाल्लं. दोन्ही कधीकधी खरं असतं, पण बऱ्याच वेळा घोळ त्याआधीच्या दोन-अडीच महिन्यांत झालेला असतो, तोही खाद्यात. एकतर मासा बोटभरसुद्धा झालेला नसतो, नाहीतर झालेला असतो पण नुसता फुगलेला. हाताने टाकलेलं खायचं एवढंच त्याला माहीत असतं, धरणाच्या पाण्यात आपलं आपण पोट कसं भरायचं ते येतच नाही.

हे सगळं कटला, रोहू, मृगळ यांच्याबद्दल आहे. फ्राय म्हणजे साधारण इंचभराचं बीज आणून, संगोपन तळ्यात वाढवून, बोटुकली म्हणजे बोटभर मासा करून मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) किंवा धरणात सोडायची असेल तर हा क्रम. शेततळ्यातच वाढवून विकणार असाल तर सातव्या टप्प्याची फार गरज नाही, बाकीचं चालेल.

१. आधी कॅलेंडर, मग खाद्य

उलटं मोजायचं. धरणाचा सांडवा वाहत असताना मासे सोडले की ते पाण्याबरोबर खाली जातात, म्हणजे सोडायचं सांडवा बंद झाल्यावर. आपल्याकडे ते बहुतेक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. धरणात सोडायचा मासा कमीत कमी १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच हवा, त्याहून लहान असला की मोठ्या माशांच्या तोंडात सहज मावतो. फ्रायपासून तिथवर यायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणून फ्राय जुलैच्या मध्यापर्यंत तळ्यात पडलं पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी स्वस्त मिळालं म्हणून आणलेल्या फ्रायला कितीही भारी खाद्य घाला, ते ऑक्टोबरात चार इंच होत नाही, आणि मग सोडायची घाई होते.

संख्याही आत्ताच ठरवा. हेक्टरी २ ते ३ लाख फ्राय, म्हणजे गुंठ्याला २ ते ३ हजार. वीस गुंठ्यांच्या तळ्यात ४० हजार टाका आणि गप्प बसा. एक लाख टाकलं की लाखभर मासे मिळतील हा हिशोब कागदावरच राहतो, दाटीत सगळेच दोन इंचावर अडकून बसतात आणि खाद्याचा खर्च मात्र पूर्ण लागतो.

२. तळ्यात जेवण आधी, पाहुणे नंतर

पहिले आठ-दहा दिवस फ्रायचं खरं खाणं म्हणजे पाण्यातले बारीक जीव, झुप्लँक्टन. ते पोत्यातून येत नाहीत, तळ्यात तयार करावे लागतात.

तळं पूर्ण सुकवता आलं तर उत्तम, तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या. सुकत नसेल तर आतले जुने मासे मारावे लागतात, त्यासाठी मोहाची ढेप, मीटरभर पाणी असेल तर गुंठ्याला २५ किलो. भिजवून सगळीकडे पसरायची आणि जाळं ओढायचं. हे फ्राय टाकायच्या तीन आठवडे आधी, कारण त्या ढेपेतलं विष उतरायला वेळ लागतो. नंतर तीच ढेप खत होते. चुना गुंठ्याला २ ते ३ किलो.

मग खत. मी शेंगदाण्याची ढेप साडेसात किलो, ताजं शेण दोन किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो, असं गुंठ्याला धरतो, दोन-तीन दिवस ड्रममध्ये भिजवून त्याची काढी, म्हणजे पातळ घोळ, करतो. निम्मी काढी, फ्राय टाकायच्या दोन-तीन दिवस आधी, उरलेली नंतर थोडी थोडी. मोहाची ढेप टाकली असेल तर खताला हात आखडता घ्या. एकदम सगळं ओतलं तर पाणी हिरवंगार होतं आणि पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर येऊन तोंड वासतात.

*तपासा:* पारदर्शक काचेचा ग्लास तळ्याच्या पाण्याने भरून उन्हासमोर धरा. पांढरट ठिपके झटके देत हलताना दिसले पाहिजेत. नुसतं हिरवं पाणी आणि हलणारं काहीच नाही, तर अजून दोन दिवस थांबा. अजून नीट बघायचं तर प्लँक्टनच्या जाळीतून ५० लिटर पाणी गाळून नळीत स्थिर होऊ द्या, तळाशी मिलिलिटर-दीड मिलिलिटर गाळ बसला तर फ्राय आणायला हरकत नाही. गाडी ठरली आहे म्हणून रिकाम्या पाण्यात फ्राय टाकू नका.

३. कच्चा माल: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

'ढेप आणि कोंडा निम्मा-निम्मा' हे सगळ्यांना पाठ आहे. चुकीचं नाही, पण एवढ्यावर बोटुकली कशी तयार होते ते हिशोबाने बघा. शेंगदाणा ढेपेत प्रोटीन साधारण ४० ते ४५ टक्के, कोंड्यात १२ च्या आसपास, मिळून झालं २७-२८. वाढत्या पिल्लाला ३० च्या वर हवं. शिवाय शेंगदाण्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन आणि मेथिओनिन हे घटक कमी पडतात, म्हणजे पोट भरतं पण अंग नीट धरत नाही. म्हणून त्यात सोयाबीनची ढेप आणि थोडी सुक्या मासळीची पावडर घालायची.

आता दुकानात काय काय चुकतं ते.

कोंडा मागितला की राईस मिलवाला कधी तूसच पोत्यात भरून देतो. तूस म्हणजे धानाचं वरचं टरफल, ते माशाच्या काही कामाचं नाही. आपल्याला पाहिजे तांदूळ पॉलिश करताना निघतो तो बारीक, मऊ, किंचित तेलकट कोंडा. मुठीत दाबला की गोळ्यासारखा धरतो, तूस दाबलं की टोचतं. आणि हा कोंडा ताजा घ्या, त्यातलं तेल लवकर खवट होतं. नाकाला लावून बघा, जुन्या तेलाच्या कढईसारखा वास आला की परत करा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर तेल काढलेला कोंडा घ्या, तो टिकतो.

शेंगदाणा ढेप फोडून बघा. आत हिरवट-काळी बुरशी दिसली, किंवा पोतं एका बाजूने ओलं असलं, तर ती ढेप घेऊच नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हर बिघडवतं, आणि उन्हात वाळवून किंवा शिजवून ते जात नाही. पावसाळ्यात हे इतकं होतं की मी आता ढेप मे महिन्यातच घेऊन पाटावर, भिंतीपासून लांब रचून ठेवतो.

सरकीची ढेप स्वस्त मिळते, घरी गाईसाठी असतेच, म्हणून सर्रास तळ्यात टाकली जाते. नका टाकू, तिच्यात गॉसिपॉल असतं, पिल्लांना ते बाधतं. गाईम्हशींचं तयार खाद्यही नको, काहींत युरिया असतो.

मिनरल मिक्स्चर घेताना लेबल वाचा. जनावरांच्या मिश्रणात सहसा व्हिटॅमिन सी नसतं, कारण गाय ते स्वतःच्या अंगात बनवते. माशाला ते खाद्यातूनच लागतं, नाही मिळालं तर पाठीचा कणा वाकडा होतो. जाळ्यात वाकडी पोरं दिसली की लोक म्हणतात बीज खराब. बीजात दोष असतोही, पण आधी डबा उलटा करून बघा की ते मिश्रण माशांचं आहे का.

मासळीची पावडर बिनमिठाची. किनाऱ्यावरून येणाऱ्या सुकटीत मीठ आणि वाळू दोन्ही भरपूर येतात. चिमूटभर जिभेवर ठेवली की कळतं, दाताखाली कचकच झाली तर तेवढे पैसे वाळूचे गेले.

४. खाद्य बनवणं, १० किलोचा घाणा

- शेंगदाणा ढेप: २.५ किलो
- सोयाबीन ढेप, तेल काढलेली, भाजलेली: २ किलो
- बिनमिठाची मासळी पावडर: १.५ किलो
- बारीक कोंडा: ३.३ किलो
- गव्हाचं पीठ: ५०० ग्रॅम
- माशांचं व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण: २०० ग्रॅम

माल बरा असला तर प्रोटीन ३२ टक्क्यांच्या आसपास जातं. कच्चं सोयाबीन दळून घालायचं नाही, त्यातला एक घटक पचन अडवतो, तो उष्णतेनेच जातो.

आधी सगळं दळून बारीक चाळणीने चाळा. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक गाळतात, आणि मग दोन इंचाच्या माशासमोर हरभऱ्याएवढा तुकडा येतो, तो त्याला गिळता येत नाही आणि तळाशी जाऊन कुजतो. व्हिटॅमिनचं मिश्रण बाजूला ठेवून बाकीचं गरम पाण्यात भाकरीच्या पिठासारखं मळा, अर्धा तास वाफवा, गार होऊ द्या. गार झाल्यावरच व्हिटॅमिन घालून परत मळा. गरम पिठात घातलं की सी उडून जातं, आणि डब्याचे पैसे वाया. मग शेवयाच्या यंत्रातून किंवा चकलीच्या सोऱ्यातून बारीक छिद्राची चकती लावून दोरे काढा, सावलीत वाळवा, हाताने चुरा. आमच्याकडे सोऱ्या वापरला म्हणून घरी आठवडाभर बोलणी बसली, तेव्हा वेगळाच विकत घ्या.

चुऱ्याचा आकार माशाच्या तोंडाप्रमाणे. पहिल्या तीन आठवड्यांत पावडर किंवा रव्याएवढा, दोन इंचाला जाड रवा, तीन इंचाच्या पुढे मोहरीएवढा चालतो.

*तपासा:* ग्लासभर पाण्यात चिमूटभर चुरा टाका. पाच मिनिटांत पाणी गढूळ झालं तर खाद्य नीट बांधलं गेलं नाही, पीठ थोडं वाढवा किंवा जास्त वाफवा. बनवलेलं खाद्य महिन्याच्या आत संपवा.

५. किती घालायचं: डोळ्याने नाही, काट्याने

पहिल्या महिन्यात रोज एकूण वजनाच्या ८ ते १० टक्के, नंतर ६ ते ८. पण एकूण वजन कुणाला माहीत असतं? कोणाला नाही, म्हणूनच दर दहा दिवसांनी जाळं टाकून १०० मासे पाण्याच्या बादलीत मोजायचे.

समजा १०० माशांचं वजन १५० ग्रॅम भरलं, म्हणजे एक मासा दीड ग्रॅमचा. टाकले होते ४० हजार, काही मेले असणार, ३६ हजार धरा. ३६,००० गुणिले १.५ म्हणजे ५४ किलो. त्याचे ७ टक्के म्हणजे पावणेचार किलो रोज. पुढच्या मोजणीपर्यंत एवढंच, थोडं इकडेतिकडे.

बादली आधी पाण्यासकट तोला, मग मासे घाला. कोरड्या तराजूवर पिल्लं ठेवली की खवले जातात आणि चार दिवसांनी बुरशी दिसते.

*सावधान:* पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद, पंप चालू. सलग ढगाळ दिवसांतही निम्म्यावर या. लोक याच्या उलट करतात, मासे वर आले म्हणजे भुकेले आहेत असं समजून अजून एक टोपलं ओततात, आणि दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं तरंगताना दिसतात.

६. कसं घालायचं

एका काठावर उभं राहून मुठीने फेकणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात वाईट. जोरदार असतील ते पोरं खातात, बाकीचे मागे. कटला वरच्या थरात, रोहू मधे, मृगळ तळाशी, त्यामुळे फेकलेलं मृगळापर्यंत जातं ते कुजलेलं उरलंसुरलं.

खताच्या जुन्या गोणीला, चांगली धुऊन, तळाला बारीक छिद्रं पाडा, त्यात खाद्य भरा आणि बांबूला बांधून पाण्यात सोडा. मासे येऊन छिद्रातून टोचून खातात. वीस गुंठ्यांना सहा-आठ गोण्या, काही वरच्या थरात, काही तळाजवळ. सकाळी नऊनंतर, ऊन पडून पाण्यात ऑक्सिजन आल्यावर. संध्याकाळी गोणी वर काढून बघा, उरलं असेल तर उद्या कमी, साफ संपलं असेल तर थोडं जास्त. गोणी रोज धुवायची, नाहीतर आतला लगदा आंबतो.

७. शेवटचे तीन आठवडे: हातातून सोडवणं

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही, आणि माझ्या मते धरणात मासा जगतो की नाही ते निम्मं इथेच ठरतं.

पहिल्या वर्षी मी काठावरून हाताने खायला घालायचो. मजा वाटायची, हात वर केला की पाणी उकळल्यासारखे सगळे मासे तोंड उघडून काठाला यायचे, पाहुण्यांना दाखवायचो पण. मग सोडायच्या दिवशी तलावावर संस्थेतले एक म्हातारे काका होते, त्यांनी पिशवी रिकामी केल्यावर पाण्यावर नुसता हात धरला. चार-पाच पोरं लगेच वर आली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बापू, हे तं हात पाहूनच वर येऊन राहिले, बगळ्याची सावली पाहून काय करतीन?" दहा-बारा फुटांवर बगळा उभाच होता. त्याला फार वाट बघावी लागली नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन-ऑरेगनकडे सॅल्मन माशाची पिल्लं हॅचरीत वाढवून नदीत सोडतात, त्यांचंही हेच दुखणं आहे, वरून खाद्य पडण्याची सवय लागली की पिल्लं पृष्ठभागाकडे राहतात आणि पक्ष्यांना सापडतात. मासा वेगळा, खोड तीच.

तर करायचं असं:

पहिला आठवडा: हाताने फेकणं पूर्ण बंद, फक्त गोण्या. गोण्यांच्या जागा दर दोन दिवसांनी बदला. काठावर उभं राहून बघत बसू नका, टांगा आणि निघा.

दुसरा आठवडा: खाद्य निम्म्यावर. त्याच वेळी शेण-ढेपेची काढी थोडी वाढवून प्लँक्टन उठवा, म्हणजे उपास पडत नाही, जेवणाची जागा बदलते. ग्लासची तपासणी परत सुरू करा. पाणी रिकामं दिसलं तर खाद्य कमी करायचं थांबवा, आधी पाणी तयार होऊ द्या.

तिसरा आठवडा: एक दिवसाआड, पाव मात्रा. धरणात गोणी टांगायला कोणी येणार नाही.

घाबरू नका, या काळात वजन फार वाढत नाही, ते ठीक आहे. व्यापाऱ्याला जाड मासा आवडतो, आपल्याला लांब आणि चपळ हवा.

*तपासा:* दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, गोणी टांगलेली नसताना दुपारी पाच मासे काढून पोट फाडून बघा. आतडं भरलेलं असेल, आणि आतला माल हिरवट-तपकिरी असेल, तर मासे स्वतः खायला लागलेत. आतडं रिकामं असेल तर अजून वेळ द्या. आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे जाड थर दिसले तर समजा आत्तापर्यंत जास्त कोंबलंय, मात्रा लगेच उतरवा.

८. उपाशी ठेवणं

भरल्या पोटी प्रवास म्हणजे पिशवीत घाण, घाणीतून अमोनिया, आणि पोचेपर्यंत पाणी दुधासारखं. सोडायच्या आदल्या आठवड्यात दोन वेळा जाळं ओढून मासे एका बाजूला गोळा करा आणि परत सोडा, हाताळणीची सवय होते. मग शेवटी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीच्या पिंजऱ्यात, घ्या आणि २४ तास काहीही खायला देऊ नका. पहिल्या काही तासांत हाप्याच्या कापडावर विष्ठेचे हिरवट दोरे दिसतात. ते दिसायचे थांबले की पोट रिकामं झालं.

हापा दाटीने भरू नका. मेलेले, वाकडे, खवले गेलेले इथेच वेगळे काढा, ते मोजून पिशवीत भरून आकडा फुगवण्यात अर्थ नाही. चार इंचापेक्षा लहान राहिलेले तळ्यात परत सोडा आणि अजून महिनाभर पोसा.

पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. पाणी विहिरीचं, आदल्या दिवशी काढून हवा खाल्लेलं, तळ्यातलं हिरवं नाही. लिटरला दोन ग्रॅम साधं मीठ. प्रवास ऊन टाळून.

९. सोडणं

पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घाला, आणखी दहा मिनिटं. मग पिशवी आडवी करा, मासे आपले आपण बाहेर पडू द्या. पुलावरून किंवा भिंतीवरून ओतायचं नाही, फोटो छान येतो पण मासे आपटतात.

जागा: भिंतीजवळ नाही, सांडव्याजवळ नाही, कालव्याच्या तोंडाजवळ तर अजिबात नाही. होडी घेऊन मागच्या बाजूच्या उथळ, कोवळ्या गाळाच्या भागात चार-पाच ठिकाणी वाटून सोडा. सगळे एकाच जागी ओतले की पाणकावळ्यांना निमंत्रण. वेळ संध्याकाळची बरी, पक्षी घरी गेलेले असतात.

आणि एक शेवटचं काम, फुकटचं आहे. सोडायच्या माशांतले १०० मासे त्याच तलावात एका हाप्यात दोन दिवस ठेवा, खायला न देता. तिसऱ्या दिवशी मोजा. पाच-सहापेक्षा जास्त मेलेले निघाले तर पिशवी, पाणी किंवा हाताळणीत काहीतरी चुकलंय, तेवढ्यासाठी खाद्याला दोष देऊ नका. सगळे जिवंत असतील तर हाप्याची दोरी सोडा आणि तारीख, संख्या, सरासरी लांबी वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी जाळ्यात काय आलं ते याच पानावर लिहायचंय.